श्वास वगळून

त्या तीन दिवसांत धाकट्याला एकूण तीन गोष्टी मिळणार होत्या आणि तिन्ही त्यानं आदल्या आठवड्यातच मनाशी मांडून ठेवल्या होत्या. पहिली, मोठ्या खोलीतली खुर्ची. तोपर्यंत तो स्टुडिओत तारा गुंडाळणारा, माइक उचलून ठेवणारा, दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला चहा सांगणारा सहायक होता. हे काम नीट झालं तर काचेमागची, चाकं असलेली, हात टेकायला जागा असलेली खुर्ची कायमची त्याची, असा मालकांनी शब्द दिला होता. दुसरी, नाव. परदेशातल्या कंपनीच्या त्या नव्या, पट्ट्या दाबून वाजवायच्या यंत्राबरोबर एक पातळ पुस्तिका यायची होती, तिच्या शेवटच्या पानावर आवाज कुणी टिपले त्याचं नाव छापणार होते. तिसरी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. जन्मल्यापासून दादा सांगत आला होता आणि तो ऐकत आला होता. आता तीन दिवस तो काचेच्या अलीकडून सांगणार होता आणि दादा ऐकणार होता. त्यानं नुसतं ‘पुन्हा’ म्हणायचं आणि दादानं पुन्हा वाजवायचं. या तिसऱ्या गोष्टीसाठी त्यानं पहिल्या दोन सोडूनही दिल्या असत्या, पण तशी वेळ आली नाही. तिन्ही मिळाल्या. हिशेब इतका चोख जुळला की पुढं पस्तीस वर्षं त्यानं तो उघडून पाहिलाच नाही.

उघडला तो टेलिफोन कंपनीनं. घरातली इंटरनेटची लाइन बंद पडली होती, म्हणून सकाळी अकराला धाकट्यानं तक्रार करायला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी किती मोलाचा आहे हे एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजानं तीनदा सांगितलं आणि मग, अशा वेळी लावतात ते, कुणाचंच नसलेलं संगीत सुरू झालं. धाकट्यानं फोन ओट्यावर ठेवला, दूध गॅसवर ठेवलं आणि कान मिटून घेतले. डोळे मिटावेत तसे कान मिटायची कला त्याला धंद्यानं शिकवली होती. आयुष्यभर ऐकून घेण्याचं काम केलेल्या माणसाला ती नसेल तर वेड लागायचं. बत्तीस मात्रांची एक रडकी धून होती, यंत्रातल्या चेलोवर वाजवलेली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ; खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा, माणसाच्या छातीइतका रुंद. धून एकदा संपली, पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या खेपेला, सातव्या सुराच्या आधी, कुणीतरी श्वास घेतला. नाकानं, आखूड, थोडासा ओला आणि शेवटी सुईच्या टोकाएवढी बारीक शीळ. लहानपणी झोपाळ्यावरून पडून दादाचं नाक डावीकडे झुकलं होतं, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक श्वासाला शेवटी ही शीळ यायची. झोका धाकट्यानंच दिला होता. दूध उतू गेलं. ते गॅसवर सांडून चरचरलं, जळका वास आला, आणि धाकटा दोन्ही हात ओट्याला टेकून तिसऱ्या खेपेची वाट बघत उभा राहिला. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तेवढ्यात संगीत तुटलं. “नमस्कार सर, थांबल्याबद्दल आभार. काय तक्रार आहे?” पलीकडचा माणूस म्हणाला.

“काही नाही. मला परत थांबवून ठेवा.”

“सर?”

“ते मघाचं वाजत होतं ना, ते लावा.”

“सर, तुमची लाइन बंद आहे अशी नोंद दिसतेय.”

“राहू दे बंद. तुम्ही मला दहा मिनिटं ताटकळत ठेवा. एरवी ठेवताच की.”

त्या माणसाला ही थट्टा वाटली असावी, पण नोकरी म्हणजे नोकरी; त्यानं ठेवलं. दहा मिनिटांत दादानं चौदा वेळा श्वास घेतला. धाकट्यानं मोजले. मोजायची खोड त्याची जुनीच.

आठ दिवसांपूर्वी त्याला एक पत्र आलं होतं, संगणकावर, यंत्रवाल्या त्या परदेशी कंपनीकडून. जुन्या यंत्रांमधले आवाज स्वच्छ करून नव्यानं विकायचे त्यांनी ठरवलं होतं. जुन्या गोष्टींना आता गिऱ्हाईक आहे. तिथल्या इंजिनियर बाईंनी फार अदबीनं विचारलं होतं: आपण टिपलेल्या चेलोत सगळे आवाज निर्मळ आहेत, फक्त खालच्या डी या सुराच्या आधी काहीतरी खरखर आहे. मूळ टेप आमच्याकडे नाहीत. ही खरखर मुळातली आहे की दोष आहे हे आपणच सांगू शकाल. आपण दोष म्हणालात तर काढून टाकू, मुळातली म्हणालात तर राहू देऊ. शुक्रवारपर्यंत कळवावं. धाकट्याला त्या पत्राचा रागच आला होता. त्याच्या कामात खरखर? आयुष्यात त्यानं कुणाला ‘चालेल’ म्हटलं नव्हतं. यंत्रच जुनं झालं असेल, कुठंतरी काही सैल झालं असेल, असं मनाशी म्हणत त्यानं पत्र तसंच ठेवलं होतं. दोष असं एका शब्दात कळवून मोकळं व्हायचं, एवढंच बाकी होतं. लाइन बंद पडली नसती तर तो शब्द एव्हाना गेलाही असता, आणि दादाचा जगात उरलेला एकुलता एक श्वास धाकट्यानं स्वतःच्या हातानं पुसला असता. मूळ टेप कंपनीकडे नव्हत्याच, त्या स्टुडिओत होत्या. आणि टेप महाग म्हणून, काम झाल्यावर महिन्याभरात, त्यानंच त्यांच्यावर साबणाच्या जाहिराती भरल्या होत्या.

ती तीनही दुपारची कामं उन्हाळ्यातली. थंड हवेच्या यंत्राची घरघर माइकमध्ये जाते म्हणून ते बंद. जाड गादीचे दोन दरवाजे बंद. आत दादा, त्याचा चेलो, एक लाकडी खुर्ची आणि एकच दिवा. काचेअलीकडे धाकटा. दादा तेव्हा शहरातला पहिल्या खुर्चीवरचा वादक. पहिल्या खुर्चीवरचा म्हणजे ज्याच्या कोपराकडे बघून बाकीचे कोपर उचलतात तो. त्याला ‘फक्त एक सूर वाजव, चार सेकंद धर आणि सोड’ असं सांगायचं म्हणजे पट्टीच्या स्वयंपाक्याला नुसतं पाणी उकळायला सांगण्यासारखं होतं. सोळा सूर, प्रत्येक सूर तीन तऱ्हांनी, हळू, मध्यम आणि जोरात, एकूण अठ्ठेचाळीस. हे तुकडे यंत्राच्या पोटात जाणार आणि मग कुणीही पट्टी दाबली की दादा वाजणार. दादाला या सगळ्याची गंमत वाटत होती. “म्हणजे मी झोपलो असलो तरी वाजेन?” त्यानं विचारलं होतं. “झोपलास काय, आंघोळीला गेलास तरी,” धाकटा म्हणाला होता. “मग बरंय. पहाटेच्या तालमींना तुझं यंत्र पाठवत जाईन.”

“पुन्हा,” धाकटा म्हणाला.

“आता काय झालं?”

“खुर्ची वाजली.”

दादानं पुन्हा वाजवलं.

“पुन्हा.”

“आता?”

“तू वाजलास. सुराच्या आधी श्वासाचा आवाज येतोय, दादा. श्वास नको.”

“श्वास नको म्हणजे? श्वास घेतल्याशिवाय हात कसा उचलू? मी काय पंखा आहे?”

“घे, पण गुपचूप घे.”

दादानं गुपचूप घेऊन पाहिला, तोंडानं घेऊन पाहिला, आधीच भरून घेऊन, गाल फुगवून, लाल होऊन पाहिला. सूर आला, पण कुणी मागून मान धरल्यासारखा आला. दोघांनाही तो कळला. मग धाकटाच म्हणाला, तू नेहमीसारखा घे, मी मागाहून कापतो. “काप बाबा,” दादा घाम पुसत म्हणाला, “केस कापतात तसे काप. उगवतील परत.” आणि धाकट्यानं कापले. त्या यंत्राच्या पोटात सगळं मिळून सव्वातीन मिनिटांची जागा. त्यात दादाच्या श्वासांना कोण ठेवणार? शिवाय पट्टी दाबली की सूर त्याच क्षणी यायला हवा, आधी नाक ओढून नव्हे. त्यानं कंपनीला पाठवायचा तक्ता केला होता: सुराचं नाव, जोर, लांबी, आणि लांबीच्या खाली, बारीक अक्षरात, श्वास वगळून. सकाळी सकाळी, दादा यायच्या आत, डोळे मिटून, एक छोटं चाक फिरवत, तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत, श्वास ऐकू येईनासा होईपर्यंत सुरुवात पुढं पुढं सरकवायची आणि मग तक्त्यात ‘ठीक’ लिहायचं. अठ्ठेचाळीस वेळा त्यानं ‘ठीक’ लिहिलं होतं. मग खालचा डी, मध्यम जोराचा, कसा सुटला?

हे त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी, बसमध्ये. तो वहिनीकडे निघाला होता. दादाच्या घरी ते जुनं यंत्र होतं, पुतणीला शिकायला म्हणून घेतलेलं, एवढं त्याला पुसट आठवत होतं, आणि फोनवरच्या पातळ आवाजावर त्याचा भरवसा नव्हता. खिडकीशी बसून तो तो सूर मनात वाजवत होता. मनात दादानं कोपर उचललं की दर वेळी त्याच्या स्वतःच्याच छातीत हवा भरत होती. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा तो थबकला. लहानपणी दोन खोल्यांच्या घरात दादा भिंतीकडे तोंड करून रियाज करायचा आणि पानं उलटायला धाकटा शेजारच्या स्टुलावर. पान कधी उलटायचं हे दादा सांगायचा नाही. “माझ्याबरोबर श्वास घे, आपोआप कळेल,” म्हणायचा. सात वर्षांचा धाकटा सात वर्षं दादाच्या नाकानं जगला. कुणाबरोबर एकाच क्षणी श्वास घेतला की त्याचा श्वास ऐकू येत नाही, आपलाच कानात भरतो. तिसऱ्या दिवशीच्या सकाळी, थकव्यानं म्हणा की सवयीनं म्हणा, डोळे मिटलेल्या धाकट्यानं टेपवरच्या दादाबरोबर श्वास घेतला, त्याला काही ऐकू आलं नाही, आणि त्यानं ‘ठीक’ लिहिलं. साधी चूक. ज्या कानाच्या जोरावर त्याला खुर्ची मिळाली, त्याच कानाची. सत्तेचाळीस वेळा तो रेकॉर्डिस्ट होता आणि एकदा, गाफीलपणे, भाऊ होता.

बस गजबजलेल्या चौकात अडकली होती. धाकट्याला खुर्च्या आठवत होत्या. माणसं लक्षात ठेवायला त्याला जड जायचं, खुर्च्या मात्र पाठ. तो स्टुडिओत लागला तेव्हा मोठ्या खोलीत बत्तीस खुर्च्या होत्या आणि मधोमध एक माइक. एकाचं बोट चुकलं की बत्तीसही जण पहिल्यापासून, आणि चुकलेल्याला चहाच्या वेळी सगळे मिळून सोलायचे. मग वेगवेगळ्या पट्ट्यांवर वेगवेगळं टिपणाऱ्या टेप आल्या. वीस खुर्च्या पुरू लागल्या, कारण वीसजणच दोनदा वाजवून चाळीस व्हायचे. मग तारा आणि खुंट्यांचं एक कपाट आलं, त्यातून मांजराच्या पोटात वादळ उठल्यासारखे आवाज यायचे, त्याला सगळे हसले. मग ताल धरणारी एक पेटी आली, तिला कुणी हसलं नाही. “ही थकत नाही, रजा मागत नाही, उशिरा येत नाही,” मालक कौतुकानं म्हणाले, तेव्हा ड्रमवाला म्हणाला होता, “मालक, लग्न करून टाका तिच्याशी.” महिन्याभरानं तो मोटारीचे सुटे भाग विकायला लागला. आणि मग दादाच्या अठ्ठेचाळीस तुकड्यांचं यंत्र आलं. नऊ खुर्च्या. चार. मग एकच, आणि तिच्यावर पियानोवाला. एका हातानं दादाला वाजवायचा आणि दुसऱ्या हातानं वडा खावा तसं बिस्किट खायचा. उरलेल्या खुर्च्या बरेच दिवस बोळात एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पुढं कुठल्याशा शाळेनं नेल्या. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आवाज टिपणाऱ्याचं नाव ठरल्याप्रमाणे छापलं होतं, वाजवणाऱ्याचं नव्हतं. ते छापायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, ज्यानं स्वतःचं नाव कळवलं होतं त्या धाकट्याच्याही.

एका दुपारी दादा स्टुडिओत आला होता. काम नव्हतं, सहज. पाच-सहा महिने काम नसलेली माणसं सहज येतात. त्याच्या हातात चेलो नव्हता, भाजीची पिशवी होती. आत पियानोवाला वाजवत होता, दरवाजा अर्धवट उघडा होता, आणि दादा चौकटीत उभा राहून मान थोडी कलती करून ऐकत होता. धाकट्यानं त्याला पाहिलं आणि बटणांवर उगाच हात फिरवला. तुकडा संपल्यावर दादानं विचारलं, “कोण रे वाजवतोय हा चेलो?” काचेतून पियानोवाला दिसत होता. चेलो दिसत नव्हता. तरी धाकटा म्हणाला, “आहे एक. बाहेरगावचा. आधीच वाजवून गेला.”

“वाजवतो बरा.”

“हं.”

“पण श्वास कुठं घेतो? दमेल बिचारा.”

एवढंच बोलून दादा भाजी घेऊन गेला. त्याला कळलं होतं की नव्हतं? हा प्रश्न, जिभेनं किडका दात चाळवावा तसा, चाळवत धाकट्यानं नंतरची सगळी वर्षं घालवली. कळलं नसेल तर तो भावाला फसवून वाचला होता. कळलं असेल तर दादानं त्याला फसवू दिलं होतं, आणि ते जास्त महागाचं होतं. पुढं दादानं चेलो विकला, वाद्यांच्या दुकानात तारा चढवून द्यायला बसला, शेवटची काही वर्षं घरीच होता. भेटी होत, तब्येत, पाऊसपाणी, पुतणीचं शिक्षण यांवर बोलणं होई. संगीतावर नाही.

“काय भावजी, वाट चुकलात?” दार उघडताच वहिनी म्हणाली. केस पांढरे झाले होते, जिभेची धार होती तशीच. “दीड वर्षानं आलात, ते यंत्राची चौकशी करायला. माणूसही आहे हो घरात.”

“तुमचीच चौकशी करायची होती. यंत्राचं निमित्त.”

“खोटं बोलायला तुम्हाला कधीच जमलं नाही. बसा. चहा टाकते.”

यंत्र पुढच्या खोलीतच होतं, जिथं दादाचा पलंग होता त्या भिंतीशी, जुन्या चादरीखाली. धाकट्यानं चादर काढली. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यानं तार जोडली, बटण दाबलं, छोटा हिरवा दिवा बऱ्याच विचारानं लागला. खालचा डी शोधायला त्याला पट्ट्या मोजाव्या लागल्या नाहीत. त्या एका पट्टीवरचा पिवळेपणा मधोमध झिजून गेला होता, जिन्याची पायरी झिजावी तसा. तो नुसता बघत राहिला. मागून वहिनी चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि पदराला हात पुसून तिनंच ती पट्टी दाबली. श्वास. शीळ. सूर.

“रोज सकाळी एकदा,” ती म्हणाली. “देवासमोर दिवा लावतात, मी हे लावते. वेडी म्हणा.”

धाकट्यानं विचारलं, “तुम्हाला... कधी कळलं?”

“मला कुठलं कळायला? त्यांनी दाखवलं. तुमच्या स्टुडिओतून आले होते एकदा, भाजी घेऊन. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, आज मी मला ऐकून आलो. वाईट नव्हतो गं वाजवत.” वहिनी हसली. “मी म्हटलं, भावजी काय म्हणाले? तर म्हणाले, गडबडला बिचारा, बाहेरगावचा आहे म्हणाला. मी पण मग जास्त ताणलं नाही, म्हणाले.”

म्हणजे कळलं होतं. इतकी वर्षं चाळवलेला दात एकदम, रक्तही न येता, हातात आला, आणि धाकट्याला जागा मोकळी झाल्यासारखं नव्हे, पोकळी पडल्यासारखं वाटलं. वहिनी बोलतच होती. पुढं एका वाद्यवृंदानं हे यंत्र जुनं म्हणून विकायला काढलं, ते दादानं उचललं. सांगायला पुतणीसाठी. रात्रंदिवस नव्हे, पण रोज दुपारी जेवण झाल्यावर तो एकेक पट्टी, हळू, मध्यम, जोरात, कान लावून तपासत बसायचा. काय शोधताय, म्हटलं तर म्हणायचा, धाकट्यानं मला पुरता काढून टाकलेला नसणार. कुठंतरी ठेवलाच असणार. “अकराव्या दिवशी सापडला. मी भांडी घासत होते, तर ओरडले. आधी हसले, मग... जाऊ दे. म्हणाले, बघ, सगळे कापले त्यानं, कामच होतं त्याचं. पण एक ठेवला. मला कळावं म्हणून. मी विचारलं, मग बोला की त्यांच्याशी. तर म्हणाले, नको, लाजेल तो. लहानपणापासून तसाच आहे, माया लपवून करतो.” तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. “शेवटी हात उचलत नव्हता ना त्यांचा, तेव्हा मी दाबायची. ऐकून झोपायचे शांत. मी कितीदा ठरवलं तुम्हाला सांगायचं. पण त्यांनी नको म्हटलेलं.”

चहावर साय धरत होती. कपाच्या कडेला लागलेल्या एका थेंबाकडे धाकटा बघत होता. तो थेंब खाली यायचा थांबला होता. सांगावं का? की वहिनी, ती चूक होती. मी ठेवला नाही, माझ्याकडून राहिला. मला ऐकू आला असता तर मी तोही कापला असता, आणि तक्त्यात ‘ठीक’ लिहून चहा प्यायला गेलो असतो. हेही सांगता आलं असतं की ऐकू का आला नाही. ते ऐकून कदाचित तिला अधिकच बरं वाटलं असतं. पण तेवढं पुढचं बोलायला आधी पहिलं वाक्य बोलावं लागत होतं, आणि ते पहिलं वाक्य त्या पलंगाच्या जागेसमोर उभं राहीना. शिवाय, इथं धाकट्याला थोडं ओळखलं पाहिजे, फुकट मिळालेलं काहीही परत करायची त्याला सवयच नव्हती.

“मुद्दाम ठेवलात ना, भावजी?” वहिनीनं विचारलं. विचारलं म्हणजे, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

“हो,” धाकटा म्हणाला.

ती समाधानानं हसली. खोटं बोलायला तुम्हाला जमत नाही, असं मघाशीच म्हणाली होती. या वेळी तिला काही दिसलं नाही. त्यानं थंड चहा एका घोटात पिऊन टाकला.

गुरुवारी लाइन सुरू झाली. त्यानं पत्राला उत्तर लिहिलं. दोष नाही. वादकाचा श्वास आहे. मुद्दाम ठेवला आहे, काढू नये. ‘मुद्दाम’ हा शब्द त्यानं दोनदा पुसला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. वहिनीला दिलेला ‘हो’ आता लेखी झाला. तासाभरात फोन आला. इंजिनियर बाई आनंदानं फुलल्या होत्या.

“सर, काय सुंदर! आम्ही इथं चूक समजून बसलो होतो.”

“चूक नाही,” धाकटा म्हणाला.

“त्या काळात, एवढ्या कमी जागेत, तुम्हाला हे सुचलं! आज लोकांना नेमकं हेच हवंय, माणूस वाजवतोय असं वाटायला पाहिजे. पण सर, मग एकाच सुराला का? आम्ही ठरवलंय, हाच श्वास बाकीच्या सत्तेचाळीस सुरांनाही जोडायचा. पडद्यावर एक बटण देऊ. श्वास चालू, श्वास बंद. ज्याला नको त्यानं बंद करावा.”

“एकच श्वास? सगळ्यांना?”

“कुणाला कळणार आहे, सर?”

धाकट्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. सोळा सूर, तीन तऱ्हा, प्रत्येक सुराआधी तेच झुकलेलं नाक, तीच शीळ. जगात कुठंही कुणी जलद काही वाजवू लागलं की दादा नाक ओढतच राहणार, घेतच राहणार, सोडायला सवड न मिळता.

“दमेल तो,” तो म्हणाला.

पलीकडे बाई मनापासून हसल्या. विनोद त्यांना आवडला होता. मग त्यांनी आभार मानले, पुस्तिकेत नाव पूर्वीसारखंच छापू म्हणाल्या, आणि फोन ठेवला. हातातला फोन तसाच धरून धाकटा खिडकीशी उभा राहिला आणि छातीत हवा भरून घ्यायला गेला, तर ती अर्ध्यावरच अडली. कुणाबरोबर घ्यायची ते कळेना.

तेव्हा शेवटी निघालं ते असं. धाकट्याला ठरलेल्या तीनही गोष्टी मिळाल्या आणि वर, न मागता, चौथी. वहिनीला एक ‘हो’ मिळाला. कंपनीला एक बटण मिळालं. दिलं ते सगळं दादानं एकट्यानं: अठ्ठेचाळीस सूर, सत्तेचाळीस श्वास, आणि अठ्ठेचाळिसाव्या श्वासात धाकट्यानं जी माया ठेवलीच नव्हती, तीही दादानं आपल्याच पदरची घातली होती.